पंचांची कवळी

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा थोडा कुरकुरतो, पण चालतंय. तुझी इस्पितळातली नोकरी अजून रात्रपाळीचीच आहे का? आईच्या मातीनंतर मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या. तू उत्तर दिलं नाहीस, आणि मीही पुन्हा लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण या तीन दिवसांत जे घडलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आपल्या चर्चच्या मंडळीचे थोरले पंच अजून आहेत. ब्याऐंशीचे झालेत. गेल्या बुधवारी ते माझ्या कवळ्यांच्या वर्कशॉपमध्ये आले. हातात रुमालात गुंडाळलेली कवळी. वरच्या पट्टीला तडा गेला होता.

"रविवारी प्रभुभोजन आहे. शास्त्रपाठ मला वाचायचाय," म्हणाले. शब्दांतून नुसती हवा सुटत होती.

दोन तासांचं काम होतं, ताई. मी म्हणालो, "वेळ लागेल. शनिवारी बघू."

बावीस वर्षं मी त्या माणसावर दात धरून होतो, आणि आता त्याचेच दात माझ्या टेबलावर होते. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि हसलो. मला त्याची लाज वाटली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या तयारीची उपासना झाली. पाळक नवे आहेत, तरुण आहेत. मेजाजवळ येण्याआधी कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आजच बोलून मोकळं व्हा, असं म्हणाले. दरवेळी हे वाक्य येतं आणि सगळे खाली बघतात. मी उठलो.

मी म्हणालो, "बावीस वर्षांपूर्वी अशाच शुक्रवारी, याच जागी, थोरल्या पंचांनी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. चांदीचा प्याला दिसत नाही, कपाटाची किल्ली हिच्याकडे असते, तेव्हा हिने मेजाजवळ येऊ नये, असं सांगितलं. ती बोलायला उभी राहिली, तर 'देवाच्या घरात वाद नको' म्हणून तिला खाली बसवलं. पुढच्या आठवड्यात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. प्याला तिने घेतला नव्हता. तो पंचांच्या घरी होता."

पंच उठले. हात वर करून ते काहीतरी सांगू लागले, पण तोंडातून नुसती फुसफुस. ओठ आत जात होते, बाहेर येत होते. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाळक म्हणाले, "पंचांना बोलू द्या." आम्ही बोलू दिलं. एक शब्द कुणाला कळला नाही. शेवटी ते भिंतीला धरून खाली बसले.

तू खाली बसलीस तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला आठवलं. फिट्टंफाट झाली असं वाटलं. त्या रात्री मला बिनघोर झोप लागली.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. पंचांच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या. ते पाव पाण्यात बुडवून गिळत होते. मी मुद्दाम समोर बसून चावून चावून जेवलो. तुझी भावजय म्हणाली, "पुरे आता." मी ऐकलं नाही.

जेवण झाल्यावर ते माझ्याकडे आले. "कवळी दे."

"उद्या सकाळी देतो. पण उद्या मेजासमोर खरं सांगणार असाल तरच."

त्यांनी होकाराची मान हलवली.

मी परत वर्कशॉपमध्ये गेलो आणि ती कवळी अशी घासून-पुसून, घोटून तयार केली की काय सांगू. एकही शब्द निसटायला नको होता मला.

रविवारी भाकर मोडायच्या आधी पंच पुढे गेले. आवाज खणखणीत. म्हणाले, बायको अंथरुणाला खिळली होती, तिला घरी प्रभुभोजन द्यावं म्हणून कुणाला न विचारता प्याला नेला. तो हातातून पडला, त्याचा कान तुटला. त्या शुक्रवारी मोजदाद झाली तेव्हा घाबरून गेलो आणि जे नाव तोंडात आलं ते घेतलं. तीन आठवड्यांनी दुरुस्त करून चर्चच्या पायरीवर ठेवला आणि चोराला पश्चात्ताप झाला असेल, असं मीच सगळ्यांना म्हणालो. मुलीने काही केलं नव्हतं.

बायका रडायला लागल्या. मी मान ताठ करून बसलो होतो.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि प्याल्याचा कान ज्याने जोडून दिला, तो त्या तिसऱ्या बाकावर बसलाय. त्याला तेव्हाच सगळं माहीत होतं."

ताई, हे खरं आहे.

शुक्रवारी मी बाकी सगळं सांगितलं, तेवढं सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, वर्कशॉपमध्ये प्लास्टर झाडायचो. मालक पंचांचे मेहुणे. पंच प्याला कागदात गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, "एवढं जोडून दे. मालकांना सांगतो, तुला हाताखाली घेतील, काम शिकवतील." लग्न मोडल्यावर तू गाव सोडून गेलीस, त्याला तेव्हा दहा दिवस झाले होते. मी ज्योत पेटवली आणि कान जोडला. जोड दिसूही नये इतका चांगला. पुढच्या सोमवारी मला शिकायला घेतलं. आज जे काही माझं म्हणून आहे, ते त्या कामावर उभं आहे.

रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो न पिता पुढे सरकवला. पंचांनीही घेतला नाही. तुझी भावजय घरी आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही. पाळक तुला मंडळीच्या वतीने पत्र लिहिणार आहेत, माफीचं, बोलावण्याचं. ते येईलच.

पण त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. शेवटच्या आजारपणात आईने मला दोनदा विचारलं, "तिने खरंच घेतला असेल का रे?" पहिल्यांदा मी विषय बदलला. दुसऱ्यांदा म्हणालो, "कोण जाणे, आई."

ती तेवढंच ऐकून गेली.

पंचांवरचा सूड मी पुरेपूर उगवला आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही. आता तुझी पाळी. तुला जे करायचं असेल ते कर, मी आडवा येणार नाही, आणि माझी बाजू सांगायलाही बसणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून नाही, पण तुझ्यासमोर उभं राहायची तयारी ठेवून,

तुझा अपराधी
धाकटा भाऊ