मिलिटरीची पाठपिशवी

कुरुळी, ९ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. इंदुताईस ज्योतीरामचा सा. न. वि. वि.

ताई, सायकलच्या कॅरिअरवर कॅमेऱ्याच्या काचा फुटतात, म्हणून पाठीवर घ्यायला स्वस्त, दणकट पिशवी बघ म्हटलं होतं. चामड्याची महाग, शिवाय माळकरी घरांत चालत नाही. पिंपरी कॅम्पात तू निवडलेली ही मिलिटरीची पिशवी झकास आहे गं, पण इकडे आणताना दाजींनी तीत सुके बोंबील भरले! शी! राखेनं घासली, उन्हात टाकली, मेला वास हटत नाही.

काल देहूला उद्धवरावांच्या आईचा, कौशल्याबाईंचा फोटो काढायला गेलो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, फोटो एकही नाही. उद्धवराव कडक माळकरी. नाक दाबून त्यांनी मला ओसरीवरूनच हाकललं. इतकी किळस माझी कुणी केली नव्हती. आता म्हातारी गेली, तर फोटो राहिला तो राहिलाच.

लोभ असावा, मासळी नसावी.

ज्योतीराम

पिंपरी, १३ नोव्हेंबर

चि. ज्योतीरामास अ. उ. आ.

पत्र वाचून ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हणतात, रिकामी पिशवी कशाला न्यायची! काय बोलायचं अशा माणसाला? पण कापड दणकट आहे, टाकू नकोस. लिंबू चोळ आणि पुन्हा जा. हवं तर उद्धवरावांच्या पाया पड. आपल्या आईचा फोटो नाही, आणि मला तिचा चेहरा नीट आठवत नाही रे.

रागावले तरी तुझीच,

इंदुताई

कुरुळी, २ डिसेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पाया पडलो, तेव्हा आत घेतलं. पिशवी दाराबाहेर ठेवली, तरी घाण वास आत आलाच. उद्धवराव शी शी करत उठले. तेवढ्यात कौशल्याबाईंनी पिशवी जवळ मागितली. म्हातारी मूळची हर्णै बंदरावरची, मासळीवर वाढलेली, लग्न झाल्यावर माळ घातलेली. पिशवी उशाशी घेऊन तिनं डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला आणि म्हणाली, वासानं काही माळ तुटत नाही. मग अशी हसली! तोच फोटो मिळाला.

चार दिवसांत ती गेली. दहाव्याला फोटो द्यायला मीही पिशवी घेऊन घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. नातलगांनी नाना वचनं दिली, ऊन चढलं, तरी नाही. शेवटी उद्धवरावांनी खाली मान घालून माझी पिशवी मागितली. तळाच्या शिवणीत बोंबलाचा एक तुकडा अडकला होता, तो नखानं काढला. शिसारीनं त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. तरी तो त्यांनी स्वतः पिंडावर ठेवला.

कावळा लगेच आला, ताई.

तुझा,

ज्योतीराम