उड्डाणास अयोग्य

मी, मनोहर गणेश करंबेळकर, वय पंच्याण्णव, निवृत्त विमान-फिटर, राहणार क्लेमेंटी, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान गेले आहेत, डोके नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेतील शिल्लक मुलगा यशोधन व मुलगी नीता यांना समसमान. मृत्युपत्राची व्यवस्थापक नीता.

२. माझी हत्यारांची पेटी. यशोधनला ती दिवाणखान्यात शोभेसाठी हवी आहे. मिळणार नाही. कारण लिहून ठेवतो.

१९५२ साली भारतीय हवाई दलात मी कॉर्पोरल होतो. एक टेम्पेस्ट, म्हणजे पंख्याचे लढाऊ विमान, माझ्या ताब्यात असे. माझ्या सहीशिवाय ते उडत नसे. हवाई संचलनाच्या आदल्या दिवशी त्याच्या तेलाच्या गाळणीत चकाकणारे कण सापडले. लोहचुंबकाला चिकटेनात, म्हणजे पोलादाचे नव्हेत, बेअरिंगच्या आतल्या मऊ अस्तराचे; ते झिजले तर इंजिन हवेतच अडकते. मी सही नाकारली.

“उद्या सगळी विमानं उडणार. सही कर,” साहेब म्हणाले.

“हे उडणार नाही, सर.”

“हुकूम आहे!”

“मग आपण सही करा.”

साहेबांनी पेन काढले, कागदाकडे पाहिले आणि पेन परत खिशात ठेवले.

विमान उडाले नाही. नंतर इंजिन उघडले; ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल आला. हुकूम मोडल्याबद्दल माझ्या बाहीवरच्या कॉर्पोरलच्या दोन्ही पट्ट्या काढून घेतल्या.

यशोधन हा किस्सा पार्ट्यांत सांगतो. “बाबांनी धडधाकट विमान बसवून ठेवलं!” लोक हसतात. गेल्या दिवाळीत मी उठून आत गेलो. तो मागोमाग आला. “बाबा, सत्तर वर्षं झाली. चुकलो असेन, एवढं म्हणा की एकदा.”

म्हणणार नाही.

नीताची मुलगी मैत्रेयी जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पंप तपासते. तिने सगळे ऐकून तिच्या सिंगापुरी ढंगात एवढेच विचारले, “पण आजोबा, ते कण आले कुठून? मस्ट कम फ्रॉम समव्हेअर, ला.”

हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. चौकशी करणाऱ्यांनीसुद्धा नाही. पेटी मैत्रेयीची. तिने ती वापरावी.

३. अंत्यविधी मंडाईच्या दाहगृहात, साधा. यशोधनला बोलायचे असल्यास त्याने हाच प्रसंग सांगावा, न हसता.

४. माझ्या नावामागे कॉर्पोरल लावू नये. त्या शिक्षेनंतर वर्षभराने साहेबांनी मला बोलावून कागद पुढे केला होता: माफी लिहून दे, पट्ट्या परत घे. मी तो कागद कोराच परत दिला.

मनोहर गणेश करंबेळकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी सही केली:
तन्मय राजवाडे (सही)
उल्का देवस्थळी (सही)

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ ऑक्टोबर २०२५