वंगण घाला हो

प्रिय भाचीबाई,

मावशीचे भरभरून आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असेल असं धरून चालते, कारण फोनवर तू "बरी आहे" एवढंच म्हणतेस आणि ठेवतेस. (तुझी आईही तशीच. तापानं फणफणली तरी "बरी आहे".) माझे गुडघे कुरकुरतात, पण ते सोड. तुझ्या काकांबद्दल लिहायचंय.

सुट्टीत आलीस तेव्हा दुकानातल्या टीव्हीवर तू तुझं खातं उघडंच ठेवून गेलीस. मी शिवताना ऐकायला जुनी गाणी लावायला गेले, तर समोर एक बाई रिकाम्या फ्रिजमध्ये बसून त्याच्या दारावर चमच्यानं बडवत गातेय! भाषा कुठली, देव जाणे. बंद करेपर्यंत पुढचं सुरू झालं. त्यात कुणीतरी नुसती शर्टाची बटणं सरकवून सरकवून अख्खा समुद्र उभा केला होता. (बटणं चांगली होती, मी चष्मा लावून पाहिली.) कुठल्या कुठल्या देशांतली ही माणसं, तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये बसून जीव ओतून काहीतरी करतात. त्यांच्या गल्लीतही त्यांना कुणी ओळखत नसेल. मी बघतच बसले. बघता बघताच बँकेतल्या साहेबांचं माप घेतलं, ते सगळं चुकलं. शिवलेली पॅन्ट त्यांनी घालून पाहिली तर आत आणखी एक साहेब मावला असता. मी दोष गाण्यावर ढकलला. कुठलं गाणं, म्हणाले. लावून दाखवलं, तर तसेच पॅन्ट मुठीत धरून बसून राहिले आणि "आणखी आहे का?" म्हणाले.

आता काका. लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून ते दुकानातल्या मागच्या खुर्चीत बसत आणि काहीही विचारलं तरी "हं" म्हणत. भाजी कशी झाली? हं. डॉक्टरकडे जायचं का? हं. मी भांडूनही पाहिलं, पण एकटीनं किती भांडणार? एकदा टीव्हीवर कुठल्याशा देशातली चार पोरं आली. एका पडक्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभी राहून, ती वरखाली नेत, तिच्या करकरण्यावर गात होती. काका ताडकन उठले.

"अगं, दोर सुकलाय त्यांचा! वंगण नाही! पडतील ना कार्टी!"

इतकं लांबलचक बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. लगेच त्यांनी मला त्या व्हिडिओखाली लिहायला लावलं, "वंगण घाला हो, दोराला वंगण घाला." मी मराठीतच लिहिलं. मला काय ठाऊक, त्या पोरांना ती कविता वाटेल! पुढच्या व्हिडिओत चौघंही त्याच लिफ्टमध्ये डोळे मिटून आळवतायत, "वंगन गाला हो". काकांचा संताप संताप झाला. "अरे गाता काय, घाला!" म्हणून टीव्हीवर ओरडले, आणि मग म्हणाले, "परत लाव."

शेवटी ते जुन्या कचेरीत गेले, तिथल्या लिफ्टला वंगण कसं घालतात ते हातवारे करून दाखवलं आणि बँकेतल्या साहेबांनी त्याचा व्हिडिओ काढून पोरांना पाठवला. मागे ठेका म्हणून माझ्या शिलाई मशीनचा आवाज जोडला. पोरांना एकदाचं कळलं. दोर बदलून घेतल्याचं त्यांनी दाखवलं आणि काकांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी जेवताना काका बोलत होते. सगळं लिफ्टचंच, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण भात गार झाला तरी मी ऐकत राहिले.

तुझी,
मावशी

ता. क. आमच्यामुळे तुझ्या खात्यात सगळीकडे लिफ्टच लिफ्ट दिसतात, म्हणून तू ते बंद करणार आहेस असं तुझी आई म्हणाली. करू नकोस गं.

ता. ता. क. काका आता सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतात, आणि पोरांनी पुढच्या व्हिडिओत गायला बोलावल्यामुळे गाण्याचा सरावही करतात. तू कानांवर लावतेस तसले मोठे हेडफोन माझ्यासाठी पाठव. त्यांना सांगू नकोस. आणि पाठवायला उशीर झाला तरी चालेल.