पेने आणि पॉलिशची मोटार

निब पुन्हा अडकली, म्हणून हा कागद तिसरा आहे. पहिले दोन फाडून बंबात घातले. त्यांना मृत्युपत्राचा दर्जा नाही.

मी, सावित्री आत्माराम मयेकर, वय चौऱ्याहत्तर, मराठीची निवृत्त शिक्षिका, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. दाखला सोबत आहे. कोणी भीड घातलेली नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मरण्याची घाई नाही. पण डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर जे बोलले ते ऐकून, निबेचे टोक दिसते आहे तोवर लिहून टाकावे असे ठरवले. बाकी सगळ्याची वाटणी मनात झाली आहे. पेने कोणाला द्यायची तेवढे ठरलेले नाही. ते आज ठरले पाहिजे.

पडवीत दोन साक्षीदार बसले आहेत. एक वकील गुरुप्रसाद शेट्ये, माझा जुना विद्यार्थी. दुसरे काशीराम विलणकर, शेजारी, बंदर खात्यातून निवृत्त. गुरुप्रसादने मला सांगून ठेवले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. पुढे कोर्टात शंका निघतात. हे ऐकताच काशीरामभावजींना साक्षीला बोलवावे असे मला सुचले. अकरा वर्षांनी ते आमच्या फाटकातून आत आले आहेत. इस्त्रीचा शर्ट घातला आहे. कारण पुढे येईल.

१. राहते घर माझी मुलगी दीपाली हिला. तिला विकायचे असल्यास विकावे. आईची आठवण म्हणून भिंती सांभाळू नयेत. खारा वारा त्यांना तसाही खातो आहे. परसातले हापूसचे झाड मात्र घराबरोबर विकले जाईल हे तिने आधी लक्षात घ्यावे, मग मे महिन्यात रडू नये.

२. दागिने आणि बँकेतली ठेवही दीपालीला. याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

३. स्वयंपाकघरातली सगळी भांडी काशीरामभावजींच्या पत्नी चिमावहिनी यांना. त्यांत त्यांची स्वतःची तीन पातेली आहेत, तीही धरून. अकरा वर्षे त्यांनी दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी उभे राहून निरोप पोचवले. "हे विचारतायत, पेनातली रबरी पिशवी चिकटवायला लाख कुठची वापरता?" "त्यांना सांगा, विसरले." भावजी त्यांच्या मागे दोन हातांवर उभे असायचे. एकदा चिमावहिनी कातावल्या. "मी काय टपालखातं आहे काय गो? तो बघ तुझ्यासमोर उभा आहे, काय ती शिवी थेट दे." मी शिवी दिली नाही. भाषेच्या शिक्षिकेला ते शोभले नसते.

४. आता पेने. माझे पती आत्माराम जहाजावर होते. बंदरा-बंदरांतून ते जुनी, बंद पडलेली फाउंटन पेने आणत. दुसऱ्या खलाशांच्या बायकांना सेंट आणि नायलॉनच्या साड्या येत. मला सुकलेली शाई येई. मी पेन उघडायचे, आतली कुजलेली रबरी पिशवी खरवडून काढायचे, शंखजिऱ्याच्या भुकटीत घोळून नवी बसवायचे. निबा काशीरामभावजी सरळ करत. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, अंगठ्याच्या नखाने. रबर माझे, निब त्यांची, अशी वाटणी होती. एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचे नाही.

आत्माराम गेले. वर्षश्राद्धाला त्यांचे रोजचे काळे पेन फोटोपुढे ठेवायचे होते. जुने इबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, मळकट दिसते. भावजी म्हणाले, "द्या वहिनी, जरा उजळून आणतो." त्यांच्याकडे पॉलिशची नवी मोटार आली होती, फिरते चाक, त्याला कापड. पेन आरशासारखे होऊन आले. आत्मारामनी मोंबासाच्या बंदरात पेनाच्या अंगावर आपले नाव कोरून घेतले होते. ते चाकाखाली गेले. नुसते पुसट नाही. बोट फिरवले तरी लागत नव्हते. भावजी दारात हसत उभे होते. "कसं दिसतंय?"

तेव्हापासून गडगा.

हे मृत्युपत्र त्याच पेनाने लिहीत आहे. त्यांना समोर बसवून. त्यांनी ते ओळखले आहे.

५. जावई नितेश यांना पेने देऊ नयेत. माणूस वाईट नाही. पण मागच्या गणपतीत त्यांनी इंटरनेटवर टाकायला एका पेनाचा फोटो काढायचा म्हणून ते स्वच्छ व्हावे असे ठरवले, आणि ते काळे पेन (आत्माराम यांचे नव्हे, दुसरे) गरम पाण्यात टाकून ठेवले. सकाळी ते चिकूच्या सालीच्या रंगाचे झाले होते आणि घरभर गंधकाचा वास होता. "आई, हा जास्त रेअर कलर आहे," असे ते म्हणाले. त्यांच्याकडे गेलेले पेन काचेमागे जाईल. ज्या पेनात शाई भरली जात नाही, ती नुसती काडी. नितेश यांना माझी स्कूटर द्यावी. ती त्यांनी हवी तेवढी गरम पाण्याने धुवावी.

६. पेने, नवीन पिशव्या, लाखेची बाटली, शंखजिऱ्याचा डबा आणि पडवीतले टेबल हे सर्व

इथे निब थांबली. वाचणाऱ्याने नोंद घ्यावी की वरचे वाक्य अपुरे आहे ते दोन कारणांनी. नाव सुचत नव्हते आणि शाई उतरत नव्हती. मी पेन झटकले. पुन्हा लिहू लागले, कागद खरवडला गेला. समोरून आवाज आला.

"वहिनी, दाबू नका तिला."

अकरा वर्षांत मला उद्देशून आलेले हे पहिले वाक्य.

मी गुरुप्रसादला म्हटले, "त्यांना सांग, साक्षीदाराने बोलायचे नसते."

गुरुप्रसाद म्हणाला, "बाई, तसा कायदा नाही."

"निबेच्या दोन फाका एकमेकांवर चढल्यायत," भावजी म्हणाले. "मघापासून ऐकतोय मी. कर्रकर्र, कर्रकर्र. दात आंबले माझे. मरायचं तेव्हा मरा, निब आधी कशाला मारता?"

"पॉलिश करणार नाही ना?"

ते खाली बघू लागले. मग हात पुढे केला. मी पेन दिले.

खिशात भिंग होते. साक्षीला येताना कोणी भिंग आणत नाही. त्यांनी निब उजेडाकडे धरली, श्वास रोखला, नख टेकवले. मग गुरुप्रसादच्या पाकिटाच्या पाठीवर चारपाच आकडे गिरवले. पेन परत देताना अंगठा त्याच्या अंगावरून एकदा फिरला, जिथे नाव होते तिथे. "इथेच होतं," म्हणाले. "रोज रात्री डोळे मिटले की मला वाचता येतं."

'इथे निब थांबली' येथपासून खाली अक्षर बदलले आहे, ओळी सरळ आहेत आणि शाई गडद आहे. कोर्टाने शंका घेऊ नये. हात माझाच, निब त्यांनी सरळ केली.

६ (पूर्ण). कलम सहामधील सर्व वस्तू, आत्माराम यांच्या काळ्या पेनासह, काशीराम विलणकर यांना.

भावजी म्हणाले, "मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, वहिनी."

म्हणून अट पहिली: त्यांनी माझ्याआधी जाऊ नये. गेल्यास हे कलम रद्द, आणि पुन्हा गडगा.

अट दुसरी: दर आठवड्याला प्रत्येक पेनाने निदान एक ओळ लिहावी. मजकुराची सक्ती नाही. पण शुद्ध लिहावे.

अट तिसरी: पॉलिशची ती मोटार त्यांनी माझ्या हयातीत माझ्या ताब्यात द्यावी. ती देईपर्यंत त्यांना एक टाकसुद्धा मिळणार नाही.

तिसऱ्या अटीवर "चांगली मोटार आहे ती," एवढे म्हणाले, तेही गुरुप्रसादला.

७. आता ते लाभार्थी झाले, म्हणजे साक्षीदार राहिले नाहीत. गुरुप्रसादने कपाळाला हात लावला. गडग्यापलीकडून चिमावहिनींनी हात वर केला. पण लाभार्थ्याची बायको, आणि पातेल्यांची वारस. त्याही बाद. एवढ्यात मासे घेऊन तुळसा आली. तिला सांगितले, इथे सही कर, म्हणजे मी सही केलेली तू पाहिलीस.

"माझं काय जातंय? पण आधी बांगडे घ्या. टोपलीत ऊन लागतंय."

बांगडे घेतले. तिने हात पदराला पुसले, पेन घेतले, आणि म्हणाली, "गुळगुळीत चालतंय हो."

भावजींचे कान लाल झाले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्याखाली सही करीत आहे. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सावित्री आत्माराम मयेकर

साक्षीदार:
१. गुरुप्रसाद शेट्ये, वकील, रत्नागिरी
२. तुळसा शिवलकर, मासेविक्री, मांडवी (सहीजवळचा डाग बांगड्याचा आहे)

मांडवी, रत्नागिरी
२२ नोव्हेंबर २०२४

सह्यांखालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही, असे वकील म्हणतात. तरी लिहिते.

२३ नोव्हेंबर, सकाळ. गडग्यावर पॉलिशची मोटार ठेवलेली होती. वायर नीट गुंडाळलेली, चाकाचे कापड धुतलेले. पलीकडे कोणी नव्हते. मी ती उचलून आत आणली. जड आहे. मग जाऊन फाटकाची कडी काढून ठेवली.