शेवयांचं शेवटचं पाकीट

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

आज सकाळी साडेसहाला उठलो. दूध आणलं. नसीमने अर्धा कप चहा घेतला, पाव घेतला नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे अळंबी नव्हती म्हणून बसने मंडईत गेलो. गाजरं, पालक, ढोबळी मिरची, अळंबीची एक डबी आणि पांढरे तीळ घेतले. साडेअकराला स्वयंपाकाला लागलो, दोन वाजता जेवलो. आता चार वाजून गेलेत आणि नसीम झोपली आहे. एवढाच दिवस झाला.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. तुझा नंबर माझ्याकडे आहे. या महिन्यात तीनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. तू फोन उचलला असतास, "बोला चाचा" म्हणाली असतीस, आणि मला पुढे काही बोलता आलं नसतं. लिहिताना निदान थांबता येतं. बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, तेव्हा हातून लिहून झाली ती मागणीपत्रं आणि रजेचे अर्ज. तू आणि जैनब हसायचात, चाचा मोबाइलवरसुद्धा 'महोदय' घालूनच सुरुवात करतील म्हणून. हे पत्र तसं झालं तर सांभाळून घे.

नसीम जेवत नाही. हे आधीच सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरूनच आलं आहे. ऑगस्टमध्ये तिचं वजन चौपन्न किलो होतं, परवाच्या बुधवारी दवाखान्यात त्रेचाळीस भरलं. डॉक्टर म्हणाले, रोग काही सापडत नाही, पण असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल, आणि सलाइनवर माणूस किती दिवस काढणार. तिच्या बहिणीने शोरबा पाठवला, शेजारच्या श्यामलाताईंनी मऊ भात आणला. ती चमचा ओठापर्यंत नेते आणि खाली ठेवते. भांडत नाही, रडत नाही. "नको" म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. शुक्रवारी मी तिच्या पलंगाशी बसलो आणि म्हणालो, काहीही सांग, पुण्यात मिळत असेल ते आणतो. मग म्हणाली, "जैनबच्या त्या निसरड्या शेवया." दोन महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू.

तुला आठवत असेल, त्या शेवया पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता. तुमच्या खराडीच्या ऑफिसातल्या कोरियन मॅडमनी जैनबला पाकीट दिलं होतं. रताळ्याच्या पिठाच्या, करड्या, वायरसारख्या ताठ. नसीम म्हणाली, ह्या खायच्या की ह्यांनी पलंग विणायचा? मग सोया सॉसची बाटली निघाली. तिच्यावर सगळी कोरियन अक्षरं. त्यात दारू नाही ना, हे बघायला तू फोन तिच्यावर धरून एकेक ओळ वाचून दाखवलीस, आणि एका शब्दावर अडलीस तर जैनबला म्हणालीस, "थांब, चाचींच्या घरात हे असं अंदाजाने नाही चालायचं." ती बाटली तू परत पाठवलीस आणि पुढच्या रविवारी दुसरी आणलीस. त्या दिवसापासून नसीम तुला मुलगी मानायला लागली. मला तिने तसं सांगितलं होतं, तुला सांगितलं नसेल. तू मटण खात नाहीस म्हणून आपल्या घरी तो पदार्थ कायम अंड्याचाच झाला. मी बाहेर पेपर वाचत बसायचो आणि आतून तुमचं ऐकू यायचं. गाजर वेगळं परतायचं, कांदा वेगळा, पालक वेगळा. नसीम म्हणायची, शेवटी एकाच कढईत जाणार आहेत ना, मग एवढं सोवळंओवळं कशाला? जैनब म्हणायची, अम्मी, ज्याला त्याला आपापला वेळ लागतो. मग ताट यायचं आणि मी खायचो. कसं करतात ते मी एकदाही आत जाऊन पाहिलं नाही.

फळीवर एक पाकीट उरलं होतं. शेवटचं. मी ठरवलं की आपणच करायचं. आमच्याकडे ईदच्या आदल्या दिवशी शिरखुर्म्याच्या शेवया भाजायचं काम माझं असतं. स्वयंपाकघरात मला येतं ते एवढंच, आणि चाळीस वर्षं मी ते नीट केलं आहे. म्हणून मला वाटलं, शेवया म्हटल्या की आधी भाजायच्या. कढईत भरपूर तूप घेतलं, तापू दिलं आणि अर्धं पाकीट मोडून आत टाकलं. हेमा, त्या फुलल्या. एका क्षणात पांढऱ्याशुभ्र होऊन कुरडईसारख्या वर आल्या, कढईबाहेर आल्या, शेगडीवर पडल्या. मी झारा घेऊन नुसता उभा राहिलो. गॅस बंद करायचंही सुचलं नाही. अर्धं पाकीट गेलं, एवढंच डोक्यात होतं. शुक्रवारपासून एवढा एकच घास तिच्या पोटात जाईल अशी आशा धरून होतो, आणि तो मी माझ्या हाताने तळून टाकला होता.

आवाजाने नसीम उठून आली. भिंत धरत आली. बारा दिवसांत ती स्वयंपाकघरात आली नव्हती. तिने कढईत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही काय ईद आहे?" मग तिने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. हसली असं म्हणणार नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला. बसल्या बसल्या ती सांगत गेली आणि मी करत गेलो. आधी पाणी उकळायचं, शेवया त्यात काचेसारख्या दिसेपर्यंत शिजवायच्या, मग गार पाण्याखाली धरायच्या. पालक उकळून घट्ट पिळायचा. गाजर काडीसारखं चिरायचं. मी चिरलं ते काडीसारखं नव्हतं, तर म्हणाली, "हे गाजर आहे की मोळीतलं लाकूड?" मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक जाड तुकडा मुद्दाम चिरला. शेवटी सगळं हाताने कालवायचं, चमच्याने नाही, हेही तिनेच सांगितलं. पण सोया सॉस किती, साखर किती, तिळाचं तेल कधी, ते तिला आठवेना. म्हणाली, "ते हेमा करायची. मी नव्हते बघत."

मी अंदाजाने घातलं. खारट झालं आणि चिकटही झालं. तरी ती पाच घास जेवली. मी मोजले. पाचव्या घासानंतर तिने विचारलं, "हेमा का येत नाही?" मी म्हणालो, तिची बंगळूरला बदली झाली आहे. हे तिला मी ऑक्टोबरपासून सांगतो आहे. जैनबच्या चाळिसाव्याला तू नव्हतीस तेव्हाही हेच सांगितलं होतं. नसीम ताटातल्या शेवयांकडे बघत म्हणाली, "बदली झाली तर काय झालं, फोन तर असतो. जैनब गेली आणि आपणही संपलो तिच्यासाठी." आणि ताट सरकवलं. पुन्हा खोलीत जाऊन पडली. सहावा घास तिच्या घशाखाली उतरला नाही तो माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही, खारटपणामुळेही नाही.

तू का येत नाहीस ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. दवाखान्याच्या जिन्यात मी तुला बोललो. जनाज्याच्या दिवशी तू रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी होतीस, ते मी पाहिलं होतं. मी मान फिरवली. नसीमने तुला पाहिलं नाही, नाहीतर तिने हाक मारली असती.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मी चार वाजल्यापासून बसलो आहे. जिन्यात मी तुला म्हणालो होतो, "तुझ्या खोलीवर तीन दिवस ताप अंगावर काढत होती आणि तू घरी कळवलं नाहीस. तू माझी मुलगी मारलीस. आमच्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." तू एवढंच म्हणालीस की तिने शपथ घातली होती. मी ऐकून घेतलं नाही. हेमा, मला माहीत होतं. कोरियाच्या वेळेने पहाटेची पाळी असायची म्हणून त्या आठवड्यात ती तुझ्याकडे राहिली होती, आणि मंगळवारी संध्याकाळी तिने मला फोन केला होता. म्हणाली, अब्बा, थोडा ताप आहे, अंग फार दुखतंय, अम्मीला सांगू नका, ती इथे येऊन बसेल. मी म्हणालो, एक गोळी घे आणि झोप, रविवारी घरी आलीस की बघू. बुधवारी सकाळी नसीमने विचारलं, जैनबचा आवाज कसा होता? मी म्हणालो, ठीक होता. गुरुवारी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस ती तू. मी शनिवारपर्यंत नुसता बाकावर बसलो होतो. तू तुझा शब्द पाळलास म्हणून मी तुला खुनी ठरवलं, आणि मीही तेच केलं होतं ते कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून, तेव्हाही मी तुझ्याकडे बोट दाखवलं. माझं वय सदुसष्ट आहे. यापेक्षा नीच काम मी केलेलं नाही.

मी माफी मागायला लिहीत नाही. ती मागायचा हक्क मला नाही. हे पत्र मी अशासाठी लिहिलं की हे सगळं मी नसीमला सांगणार आहे. पुढच्या रविवारी सकाळी सांगेन. पत्र तोपर्यंत तुला पोचलेलं असेल. सांगितल्यावर ती माझ्या हातून पाणीसुद्धा घेणार नाही, तिला मी ओळखतो, आणि ते बरोबरच होईल. पण मग तिला खायला कोण घालणार? तिच्या त्रेचाळीस किलोंतलं आणखी काही जायला नको. म्हणून तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मी खाली बागेत जाऊन बसेन. तुला यायचं नसलं तर सॉस किती आणि साखर किती एवढं एका चिठ्ठीवर लिहून पाठव, श्यामलाताईंना मी हाता-पाया पडून करायला लावीन. येणार असलीस तर एक पाकीट घेऊन ये. घरात आता एकही उरलेलं नाही. कढईच्या तळाला शेवया चिकटल्यात, म्हणून तिच्यात पाणी घालून ठेवलं होतं. तळ एव्हाना सुटला असेल. आता उठतो आणि ती घासून ठेवतो.

तुझाच,
शमशुद्दीन चाचा