घरातलाच मासा

मी, सौ. छाया विजयकुमार करंदीकर, वय चौसष्ट, निवृत्त केमिस्ट, राहणार करामा, दुबई, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण तो स्वकष्टार्जित आहे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. वकीलसाहेब म्हणाले, मॅडम, एवढं कशाला, सगळ्याचं अरबी भाषांतर करावं लागतं. म्हटलं, करा.

कलम १. पुण्यात बाणेरला असलेला फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ईश्वरी हिला मिळावी. माझे यजमान श्री. विजयकुमार यांना त्या फ्लॅटमध्ये हयातभर राहण्याचा हक्क राहील. दिवाणखान्याच्या भिंतीवर काय टांगायचं, ते मात्र ईश्वरी ठरवेल.

कलम २. माझा मासेमारीचा रॉड आणि रीळ ईश्वरीची मुलगी सृष्टी हिला द्यावेत. रिळावरची दोरी तिने नवी घ्यावी, आणि ती कशी निवडायची ते इथेच लिहिते, कारण आजोबा तिला नक्की चुकीचं सांगतील.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजन नसतं. पिसांची नकली माशी फुंकरीने उडेल इतकी हलकी; तिला लांब नेते ती जाडसर दोरी. म्हणजे खरं तर आपण दोरीच फेकतो. स्टीलहेड हा समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा, चंदेरी आणि हट्टी मासा. कॅनडात ईश्वरीच्या घराजवळची नदी लहान आहे, दोन्ही काठांवर झाडं ओणवलेली. मागे हात फिरवायला जागा नाही. तिथे पुढचा भाग आखूड आणि जड असलेली दोरी लागते. ती थोडक्या जागेत वळते आणि माशी पोचवते. लांब दोरी मोठ्या नदीची. बुडणारं टोकही फार जड घेऊ नये, दगडांत अडकतं. फुजैराला टर्मिनलवर जहाजांचं तेल तपासण्याची नोकरी करत असताना, सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर खजुरांच्या झाडांना पाठ लावून, दोऱ्या बदलून बदलून मी हे शिकले. लोक म्हणत, मॅडमना ऊन लागलंय.

कलम ३. दिवाणखान्यातला फोटो. त्यात श्री. विजयकुमार हसत एक स्टीलहेड धरून उभे आहेत. तो मासा मी पकडला. मी ईश्वरीकडच्या त्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि हे गाडीत हीटर लावून बसले होते. मासा काठाशी आल्यावर हे धावत आले, माझी टोपी घातली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत मासा उचलला. तिथे तो पाण्याबाहेर काढू नये असा नियम आहे. ईश्वरीने फोटो काढला. मग मी मासा सोडून दिला आणि यांनी फोटोतून मला कापलं.

करामातल्या आमच्या मंडळाने यांना शाल-श्रीफळ दिलं. यांनी व्याख्यान दिलं, ‘लांब दोरी, लांब फेक’. टाळ्या पडल्या. चहा मी वाटत होते. घरी आल्यावर मी विचारलं, “अहो, मासा कोणी पकडला?”

हे म्हणाले, “आपल्यात माझं-तुझं काय गं? घरातलाच मासा आहे.”

तरी मूळ फोटो ईश्वरीकडे शाबूत आहे. तो मोठा करून मंडळाच्या हॉलमध्ये, माझ्या शोकसभेत, हारासकट लावावा. शाल यांनी त्याच सभेत, स्वतः व्यासपीठावर जाऊन परत करावी. नारळ आम्ही खाल्ला.

कलम ४. पुढल्या हिवाळ्यात नदीवर पहिलीच फेक केली आणि दोरी मागच्या फांद्यांत गेली. दुसरीही तशीच. रीळ उघडून पाहिलं तर दोरी भलतीच. वाढदिवसाची भेट म्हणून यांनी मला न सांगता लांब दोरी भरली होती. माझ्या दोरीचं काय केलंत विचारलं, तर म्हणाले, वाया नाही घालवली, बाल्कनीत बांधली. तिथल्या दुकानात तशी मिळाली नाही. सगळी सुटी झाडांतून दोरी सोडवण्यात गेली, आणि परतल्यावर हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी विमान बंद केलं. ती माझी शेवटची नदी होती. ती यांनी घालवली, हे मी विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही.

माझ्या दोरीवर आजही यांच्या बनियनी वाळतात. उन्हाने तिला भेगा पडल्या आहेत. मी गेल्यावर ती सोडून माझ्यासोबत चितेवर ठेवावी. लांब दोरी मी श्री. विजयकुमार यांना देते. ती बाल्कनीत बांधावी. लांब दोरी, जास्त कपडे.

कलम ५. माझ्या अस्थी त्याच नदीत, हिवाळ्यातच, श्री. विजयकुमार यांनी स्वहस्ते सोडाव्यात. काठावरून नाही. कमरेइतक्या पाण्यात उतरून. गाडी ईश्वरीने दूर लावावी आणि किल्ली स्वतःकडे ठेवावी. हे न केल्यास कलम १ मधला राहण्याचा हक्क रद्द समजावा.

सृष्टीने त्यांचा फोटो काढावा, आणि या वेळी कोणी तो कापू नये. मंडळात तो फोटो पाहून कोणी विचारलं, करंदीकर, हातात काय आहे, तर त्यांनी एवढंच सांगावं: “जिने मासा पकडला, ती.”

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून पाहिलं, एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणून सही करते.

छाया विजयकुमार करंदीकर

साक्षीदार:
१. खैरुन्निसा परकार, शेजारीण. वाचून म्हणाल्या, “छायाताई, जरा जास्तच होतंय.” मग माझंच पेन मागून घेऊन सही केली.
२. राजन चौबळ, मंडळाचे चिटणीस. ती शाल श्री. विजयकुमार यांच्या खांद्यावर चौबळांनीच घातली होती. सही करताना मान वर केली नाही.

स्थळ: करामा, दुबई
दिनांक: १४ मार्च २०२५