रविवारचं दूध

प्रिय सृष्टी,

"ऋषी दूध पीत नसेल तर मी नोकरी सोडून येते," असं तू तीन आठवड्यांपूर्वी फोनवर म्हणालीस, आणि सभा गाजवणाऱ्या तुझ्या आईनं विषयच बदलला. त्याचं उत्तर द्यायला आज लिहायला बसले.

शिरवळला पिशवीतल्या दुधावर वाढलेलं तुझं पोर ते. तुझ्या कंपनीतल्या पाळ्यांमुळे इथं म्हसवडला माझ्याकडे आलं आणि शेळीच्या दुधाचा वास आला की तोंड फिरवू लागलं. गोष्टी सांगितल्या, केळं कुस्करून घातलं, रागावलेसुद्धा. बालवाडीत मात्र मुलांच्या ओळीत बसून मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू निमूट खातो, असं तिथल्या सेविका राहीबाईंनी सांगितलं. मग दूधही तिथंच का नको? आणि एकट्या ऋषीलाच का?

आपल्याकडे रविवारचं दूध डेअरीला घालत नाहीत, ते सिद्धनाथाचं. देवळापुढे बायका जमल्या होत्या, तिथं मी उभी राहिले. दारात शेळ्या-म्हशी असून लेकरांच्या हातात बिस्किटाचा पुडा का, असं खडसावून विचारलं. देवाचा वाटा लेकरांच्या पोटात गेला तर देव रुसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे यावं, म्हटलं. कुणी आलं नाही. सगळ्यांनी ते दूध बालवाडीला द्यायचं कबूल केलं. तेवढ्यात मागून राहीबाई म्हणाल्या, "आवं बाई, समदं खरं हाय, पण रविवारी बालवाडीला कुलूप असतंय की!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण मागे हटले नाही. तुमची सुट्टी तुम्हालाच राहू दे, किल्ली माझ्याकडे द्या, म्हटलं.

पहिल्याच रविवारी शेजारच्या साक्षीच्या ओठावर सायीची मिशी उमटली. ऋषी बघत राहिला. त्यालाही मिशी हवी झाली. वाटी रिकामी! आता घरीही पितो. तेव्हा नोकरी सोडायचं मनातसुद्धा आणू नकोस. घरादाराशी भांडून मिळवली आहेस ती.

एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझा पहिला प्रश्न रोज एकच असतो, माझी आठवण काढतो का? मी हो म्हणत आले, आणि ते खरंही होतं. या आठवड्यात मात्र त्यानं एकदाही काढली नाही, सृष्टी. खेळतो, जेवतो, झोपतो. हे तुझ्या कानावर घालायचं धाडस मला झालं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहीत नाही, वाटणारच. तू फक्त येत्या रविवारी ये. दूध वाढायला मला माणूस कमी पडतं. त्याची वाटी तू भर.

तुझीच,
आई